बारा शुक्रवारांच्या सह्या

मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. वय सदतीस आणि वर्गातल्या बाकीच्या मुली वीस-एकवीसच्या. पहिल्याच दिवशी मागून कुणीतरी "मावशी, सरका ना जरा" म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याआधी चौदा वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायची. दिवसाला तीनशे कॉलरी. नवरा गेल्यावर घरात दोघीच उरल्या, ती आणि सासू. सासूच एक दिवस म्हणाली, "कॉलरी शिवता शिवता तुझी मान वाकडी होईल. तुला माणसांत बसायला आवडतं ना? मग त्याचं काहीतरी शिक की!" म्हणून समाजकार्याच्या पदवीला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारपासून कारखाना. तीन वर्षं असं ओढलं तिने.

शेवटच्या वर्षी मात्र घोडं अडलं. बारा आठवड्यांची सक्तीची इंटर्नशिप, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आणि पगार म्हणाल तर शून्य. घरचं बरं असलेल्या मुली हसत हसत करतात. ज्यांना राबून खायचं असतं त्यांनी काय करावं, हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं. नेमकं त्याच वर्षी सरकारने इंटर्नशिपच्या मुलांना विद्यावेतन जाहीर केलं. अर्धं सुरुवातीला, अर्धं शेवटी. शेवटचं मिळायचं कधी? तर संस्थेच्या प्रमुखाची सही असलेले बारा आठवड्यांचे बारा कागद जमा केले की. आणि एका विद्यार्थ्याला एकदाच.

"चला, सरकारला एवढ्या वर्षांत एक तरी गोष्ट सुचली," सासू म्हणाली, आणि मावशीने कारखान्याला रामराम ठोकला.

तिच्या वाट्याला आला एक वृद्धाश्रम. खाली बावीस खाटा, वरच्या मजल्यावर संचालिकेचं घर. संचालिकेला सगळे मॅडम म्हणायचे. मॅडमने पहिल्या दिवशी मावशीचा अर्ज वाचला, तोही फक्त 'आधीचा अनुभव' एवढाच रकाना. "शिवणकाम येतं? अगं, मग आधी नाही का सांगायचंस!" त्या दिवसापासून मावशीचं नाव शिलाई. "ए शिलाई, वर ये." "ए शिलाई, माप घे." वरच्या घराच्या सगळ्या खिडक्यांना पडदे झाले. मग मॅडमच्या बहिणीच्या घरचे. मग उशांचे अभ्रे, मग भाचीचे कपडे. मधल्या वेळात गॅसच्या नंबरासाठी रांग आणि कुत्र्याला डॉक्टरकडे नेणं. समाजकार्य शिकायला गेलेली बाई परत मशीनवर येऊन बसली, तीही फुकटात!

वर आणखी कळस म्हणजे मॅडमने दोन आयांना कामावरून काढून टाकलं. "सरकार मुली पाठवतंय, वर त्यांना पैसेही तेच देतंय. मग मी कशाला पगार देत बसू?" असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, अगदी मोठ्याने. लाज नावाची गोष्ट या बाईच्या घरी कधी पाहुणी म्हणूनही आली नसावी.

खालच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर मास्तर होते. निवृत्त शिक्षक, गणिताचे. डोकं शाबूत, पण हात इतका थरथरायचा की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. आश्रमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'नातेवाईक : कोणी नाही.' पण मुलगा होता. एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं.

"त्याला पत्र लिहायचंय," मास्तरांनी दुसऱ्याच आठवड्यात मावशीला सांगितलं. "मी सांगतो, तू लिही. पहिली ओळ ठरलेली आहे माझी. 'तू त्या दिवशी खरं बोलला होतास.' बाकीचं तू निवांत बसलीस की सांगेन. हे घाईत सांगण्यासारखं नाही."

"आणि पत्ता?"

"पाठ आहे. मास्तर आहे मी! एक वेळ पाढे विसरेन, पण पत्ता नाही विसरायचो."

मावशीला इतका आनंद झाला की विचारू नका. हेच तर शिकायला आली होती ती. धावत वर गेली आणि म्हणाली, "मॅडम, मास्तरांसाठी मला रोज एक तास हवाय."

मॅडम नखं रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "सरकार तुला पैसे देतंय ना? ते काय म्हाताऱ्यांशी गप्पा हाणायला देतंय? आणि हे बघ शिलाई, तुझ्या कागदावर सही मी करते. दुसरं कुणी नाही. कळलं?"

कळलं. न कळायला झालंय काय! मावशी खाली आली ती कानशिलं तापवूनच.

आता या सहीची गंमत ऐका. मॅडम दर शुक्रवारी चार वाजता सह्या करायची. किराण्याच्या पावत्या, धोब्याची यादी, औषधांची बिलं, त्यातच इंटर्नशिपचा कागद. सगळे कागद आडवे दुमडून एकावर एक असे लावून ठेवायचे, की प्रत्येकाची फक्त खालची सहीची पट्टी दिसली पाहिजे. मॅडम एका हाताने फोन कानाला धरायची आणि दुसऱ्या हाताने वरून खाली सटासट सह्या ओढायची. वाचायची पद्धतच नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझा विश्वास आहे माणसांवर." गेल्या वर्षीच्या मुलींनी कपाटात एक नमुना ठेवला होता : 'वृद्धांशी संवाद साधला. त्यांच्या गरजा जाणून घेतल्या.' दर आठवड्याला तोच उतरवायचा. सगळ्यांनी तेच केलं होतं.

दुसऱ्या शुक्रवारी मावशीनेही तेच केलं. नमुना उतरवला. पण कानशिलं अजून तापलेलीच होती. तिने दुसरा कोरा कागद घेतला आणि त्यावर खरं ते लिहिलं. 'सोमवार : मॅडमच्या दिवाणखान्याचे पडदे. मंगळवार : तेच पडदे उसवून पुन्हा, कारण मॅडमने माप चुकीचं सांगितलं होतं. बुधवार : कुत्र्याला डॉक्टरकडे नेलं. कुत्र्याला जुलाब. कुत्र्याशी संवाद साधला, त्याच्या गरजा जाणून घेतल्या.' लिहिताना एकटीच फिदीफिदी हसली. फाडूनच टाकणार होती. पण हात फाडायला जाईना. तिने दोन्ही कागद दुमडले आणि धोब्याच्या यादीखाली सरकवले.

मॅडमने दोन्हींवर सही केली.

मग लागली की चटक! दर शुक्रवारी दुपारी मॅडम वर झोपली की मावशी चादरींच्या खोलीत अर्धा तास बसायची आणि दोन कागद लिहायची. एक खोटा, एक खरा. खोटा पाच मिनिटांत व्हायचा. खऱ्याला मात्र वेळ लागायचा, कारण ती तो घासूनपुसून लिहायची. कुठल्या दिवशी किती वाजता, कुणाच्या घरी, कोणतं काम, मॅडमचे शब्द जसेच्या तसे. पहिला आठवडाही तिने आठवून लिहून काढला आणि त्यावरही सही मिळवली. आठवडाभर मॅडमने काहीही म्हटलं तरी मावशी आता "हो मॅडम" म्हणायची आणि मनात म्हणायची, थांब, शुक्रवार येऊ दे.

चादरींच्या खोलीचं दार मास्तरांच्या खाटेसमोरच होतं. ते तिला लिहिताना बघायचे.

"मुली, आज वेळ आहे का गं?"

"थांबा हो मास्तर, एवढं आटपते. मॅडम उठायच्या आत हवंय."

"लिही, लिही. अक्षर चांगलं काढ."

असं चौथ्या शुक्रवारी झालं, सहाव्या झालं, नवव्या झालं. खऱ्या कागदाच्या शेवटी मावशी दर वेळी एक ओळ लिहायची : 'मास्तरांचं पत्र राहिलं. मॅडमने वेळ दिला नाही.'

अकराव्या आठवड्यात बुधवारी मॅडमने तिला बहिणीच्या घरी धाडलं. भाचीच्या फ्रॉकला बाह्या लावायच्या होत्या, आणि त्या आजच्या आज हव्या होत्या. गुरुवारी सकाळी मावशी आश्रमात आली तर मास्तरांच्या खाटेभोवती पडदा. आदल्या दुपारी झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दुपारचा चहा तसाच गार होऊन गेला तरी कुणाला पत्ता नव्हता, कारण बघायला होतं कोण? आयांना काढलेलं, आणि मावशी बाह्या लावत होती. संध्याकाळी स्वयंपाकीण कप न्यायला गेली तेव्हा तिला दिसलं.

मॅडम जिन्यात भेटली. मावशीचं तोंड बघून म्हणाली, "असं काय करतेस? वय झालं होतं त्यांचं. चालायचंच." आणि दोन पायऱ्या चढून मागे वळली. "बाह्या झाल्या ना?"

मावशी म्हणाली, "झाल्या मॅडम."

त्या क्षणाला तिने ठरवलं. या बाईला सोडायचं नाही. देव जरी मध्ये पडला तरी नाही.

शुक्रवारचा खरा कागद तिने त्या दिवशी फार सावकाश लिहिला. 'बुधवार : मास्तरांना झटका आला तेव्हा मी मॅडमच्या भाचीच्या फ्रॉकला बाह्या लावत होते. मास्तरांजवळ कुणी नव्हतं. दोन आयांना मॅडमने आमच्या विद्यावेतनाच्या जिवावर काढलं आहे.' चार वाजता मॅडम फोनवर कसल्याशा विनोदावर खिदळत होती. खिदळत खिदळतच तिने त्यावर सही ओढली. मावशीने कागद उचलला तेव्हा तिचे दात आवळलेले होते.

बारावा शुक्रवार झाला. घरी मावशीने सासूसमोर दोन गठ्ठे ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

सासूने चष्मा लावून दोन्ही चाळले. "हा खोटा गठ्ठा दिलास तर?"

"विद्यावेतनाचा दुसरा हप्ता मिळेल. पदवी मिळेल. दोन महिन्यांत नोकरी."

"आणि हा?"

"बाईची फजिती. पण हे काम इंटर्नशिपमध्ये धरणार नाहीत. हप्ता बुडाला, बारा आठवडे पुन्हा. आणि पुन्हा करताना विद्यावेतन नाही, एकदाच असतं ते."

"मग यात विचार कसला करायचाय?" सासू भडकली. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकून करायला निघालीस? मूर्ख कुठली! हा खोटा दे, पदवी घे, आणि मग घाल त्या भवानीला काय शिव्या घालायच्या त्या. मीही येते हवं तर सोबत."

"पदवी घेऊन बाहेर पडले की पुढच्या वर्षी तिथे दुसरी मुलगी जाईल. तीही नमुना उतरवेल. आणि ही बाई बसेल नखं रंगवत!"

"पुढच्या मुलीचं नको सांगूस मला," सासू म्हणाली. "तुला सूड हवाय."

"हो. हवाय," मावशी म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

सोमवारी तिने खरा गठ्ठा जमा केला.

आठ दिवसांनी विद्यापीठात बोलावणं आलं. लांबलचक टेबल, पलीकडे इंटर्नशिपचे अधिकारी, अलीकडे एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला मॅडम. अधिकाऱ्यांना सर्दी झालेली होती. ते नाक पुसत पुसत एकेक कागद वाचत होते, मोठ्याने, अजिबात चेहरा न हलवता. "'कुत्र्याला जुलाब.' बरं. 'गुरुवार : मॅडमच्या बहिणीकडे अभ्रे. पाणीही विचारलं नाही.' बरं."

"खोटं आहे हे!" मॅडम ओरडली. "सगळं रचलंय हिने!"

"ही सही तुमची नाही?"

मॅडमने कागद ओढून घेतला. दुसरा घेतला. तिसरा. तोंडाचा रंग उतरला तिच्या. "सही माझीच आहे. पण मी... माझा माणसांवर विश्वास आहे हो. मी वाचत बसत नाही."

"न वाचता सही करता?" अधिकाऱ्यांनी रुमाल खाली ठेवला. "मग गेल्या चार वर्षांत तुमच्याकडे मुली येऊन गेल्या, त्यांच्या कागदांवरच्या सह्या कशा धरायच्या आम्ही?"

"नाही, नाही! वाचते! वाचूनच करते मी!"

"म्हणजे हे वाचून सही केलीत?"

मॅडमचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मावशीने ते डोळे भरून पाहिलं. बारा आठवड्यांची सगळी "हो मॅडम" तिने त्या एका मिनिटात वसूल केली. आश्रमाचं नाव इंटर्नशिपच्या यादीतून गेलं. अहवाल अनुदान देणाऱ्या खात्याकडे गेला, आणि दोन्ही आयांना परत घ्या, नाहीतर अनुदान बंद, असं पत्र महिन्याभरात निघालं.

मग अधिकारी मावशीकडे वळले. "तुमचंही नुकसान आहे यात. तुमच्याच लिखाणाप्रमाणे तुमची इंटर्नशिप झालेली नाही."

"माहीत आहे साहेब."

"दुसरा हप्ता मिळणार नाही. पुढच्या वेळी विद्यावेतनही नाही."

"तेही माहीत आहे."

त्यांनी तिचे कागद फायलीत लावले आणि मग ते शिंकले.

घरी सासू दारातच उभी होती. पहिली दहा मिनिटं तिने मावशीचा यथेच्छ उद्धार केला. खुळी, हट्टी, करंटी, सगळं झालं. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता नीट सांग. तोंड कसं झालं होतं तिचं? अगदी सुरुवातीपासून सांग." मावशीने तीन वेळा सांगितलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवशी मावशी कारखान्यात जाऊन कॉलरींचं काम परत मागून आली.

ही गोष्ट इथेच संपवायला मला आवडलं असतं. पण मावशीच्या मनात होतं की हे मास्तरांना सांगायचं. त्यांच्यासाठीच तर केलं सगळं.

आया कामावर परत आल्या, त्या रविवारी भेटीच्या वेळेला ती आश्रमात गेली. त्यांतल्याच एकीने तिला खुर्ची दिली. मास्तर उशीला टेकून बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र पूर्वीसारखेच. मावशीने तिच्याकडच्या प्रतीवरून खरे कागद वाचायला सुरुवात केली. पडदे झाले, कुत्रा झाला, मध्येच सह्यांची गंमत आणि मॅडमचं उघडं तोंडही सांगून झालं. रंगात येऊन सांगत होती. मास्तरांच्या चेहऱ्यावर काही हलेना. प्रत्येक कागदाच्या शेवटी तीच ओळ यायची. 'मास्तरांचं पत्र राहिलं. मॅडमने वेळ दिला नाही.' चौथा आठवडा. सहावा. नववा.

नवव्या कागदाला मास्तरांनी डावा हात उचलला. समोरच्या चादरींच्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. मग मावशीकडे. मग हवेतच लिहिल्यासारखा हात हलवला.

मावशी थांबली. मॅडमने वेळ दिला नाही, हे खरं होतं. पण शुक्रवारचा अर्धा तास होता. मॅडम वर झोपलेली असायची, कुणी हाक मारणारं नव्हतं, हातात पेन होतं, समोर कोरे कागद होते आणि दहा पावलांवर मास्तर जागे होते. दर शुक्रवारी. तो अर्धा तास तिने मॅडमला दिला होता.

मॅडमबद्दल तिला तेव्हाही तिळमात्र वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. स्वतःबद्दल काय वाटलं ते तिने सासूलासुद्धा सांगितलं नाही.

तिने पिशवीत हात घातला. कोरा कागद नव्हता. खोटा गठ्ठा होता. त्यातला एक कागद तिने काढला, मागची कोरी बाजू वर केली आणि मांडीवर पिशवी ठेवून लिहिलं, 'तू त्या दिवशी खरं बोलला होतास.' अक्षर चांगलं काढलं. मास्तरांसमोर धरलं. त्यांनी वाचलं आणि डोळ्यांनीच हो म्हटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उशीवर गेलं.

"आज पाठवते मी," मावशी घाईघाईने म्हणाली. "जातानाच पोस्टात टाकते. पत्ता सांगा."

सांगा म्हणाली आणि तिच्या लक्षात आलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. घशातून एक आवाज आला, मग आणखी एक. मावशीने पेन त्यांच्या डाव्या हातात देऊन पाहिलं, पण दुसऱ्या कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उठल्या. ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते, आणि मावशी पेन धरून वाकून ऐकत होती. भेटीची वेळ संपल्याचं आया सांगायला आली तेव्हाही दोघं तसेच बसले होते.